कृषि विस्तारात व्हिडिओ : दाखविणे आणि ऐकून घेणे

(शेतकरी मेळाव्याच्या तांत्रिक सत्रात विस्तार शिक्षण विषयाच्या एका प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रम पत्रिकेत माझ्या विषयाचे नाव पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, खरीप तोंडावर आला असताना हा गृहस्थ व्हिडिओबद्दल काय बोलणार? बियाणे, खते, बोंडअळी यांवर बोलावे तर ठीक. परंतु या सर्व गोष्टींची माहिती आपल्यापर्यंत पोहोचते कशी, आणि पोहोचताना वाटेत तिचे काय होते, हाही पिकाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. विद्यापीठाची शिफारस चांगली असते, खात्याचे परिपत्रकही वेळेवर निघते. तरीही बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नाही, किंवा उलटेच कळते. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि रोज दहा-वीस व्हिडिओ येऊन पडतात. म्हणून या साधनाचा उपयोग सरकारी यंत्रणेने कसा करावा आणि आपण तिच्याकडून तो कसा करून घ्यावा, यासंबंधी काही अनुभव मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करतो. मी नोकरीत नवीन होतो तेव्हाची गोष्ट. बीजप्रक्रियेवर एक चित्रफीत तयार करण्यात आली. लांबी बावीस मिनिटे. पार्श्वसंगीत, शुद्ध भाषेतील निवेदन, पांढरा कोट घातलेले शास्त्रज्ञ आणि हाताने फिरविण्याचा चकचकीत बीजप्रक्रिया ड्रम, असा सगळा थाट होता. टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर जीपमध्ये घालून आम्ही गावोगावी गेलो. देवळापुढे गर्दी जमायची, लोक शेवटपर्यंत बसायचे, टाळ्या वाजवायचे. आम्ही अहवालात उपस्थिती लिहून खूश होत असू. पुढच्या खरिपात पाहणीला गेलो तर ज्या गावात शंभरावर माणसे बसली होती, तिथे बीजप्रक्रिया करणारे मोजकेच निघाले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कारण विचारले. तो म्हणाला, "साहेब, सिनेमा चांगला होता. पण तो फिरता डरम कोठी भेटते?"

ड्रम गावात कोणाकडेच नव्हता. ड्रम नसेल तर बीजप्रक्रिया होतच नाही, असा सरळ अर्थ लोकांनी काढला होता, आणि आमची चित्रफीत पाहून दुसरा अर्थ निघणेही कठीण होते. त्याच गावातील एक बाई मात्र प्लॅस्टिकच्या कागदावर बियाणे पसरून, दोघींनी कागदाची टोके धरून, झुलवत झुलवत औषध चोळीत होत्या. सोयाबीनचे साल नाजूक, ते हाताने रगडले तर उगवण कमी होते, हे त्यांना कोणी न सांगता ठाऊक होते. पुढे आम्ही त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच बोलीत सहा मिनिटांची चित्रफीत घेतली. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक, दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम, नंतर सावलीत वाळवणे, एवढेच तिच्यात होते. भाषा शुद्ध करून घ्यावी असे आमच्या कार्यालयात काहींचे मत पडले. सुदैवाने ते कोणी मनावर घेतले नाही. ही चित्रफीत दाखविली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत, पण भांडण झाले. एक जण म्हणाला, बाईने पाणी जास्त घेतले. दुसरा म्हणाला, गुळाचे पाणी घेतले असते तर जिवाणू नीट चिकटले असते. मला त्या भांडणाचे महत्त्व कळायला बरीच वर्षे लागली.

दिल्लीपासून खेड्यापर्यंत

आपल्या देशात शेतीसाठी दूरदर्शन वापरण्याचा विचार फार जुना आहे. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून 'कृषि दर्शन' सुरू झाले. दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले होते आणि शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम पाहात. त्यामागे डॉ. विक्रम साराभाई यांची धडपड होती. शहराला आधी आणि खेड्याला नंतर, असा क्रम त्यांना मान्य नव्हता. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे पूर्ण एक वर्ष उपग्रहावरून थेट खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील २४०० खेडी त्यात होती. साराभाई १९७१ मध्येच गेले, त्यांना हा प्रयोग पाहता आला नाही. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता, परंतु प्रयोगाची व्यवस्था पाहणारे प्रा. एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी होते, हे आपल्या लक्षात असावे. गावातील छपरावर तीन मीटर व्यासाची थाळी बसवलेली असे आणि तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी असे. अवकाशातील उपग्रह आणि खुराड्याची जाळी! आपल्या लोकांची ही काटकसर मला फार आवडते.

यंत्राच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला. परंतु एक अडचण तेव्हाच ध्यानात आली. इतक्या दूरवरून आणि इतक्या मोठ्या प्रदेशासाठी बोलायचे म्हणजे सर्वांना लागू पडेल असेच बोलावे लागते. आणि शेतीत सर्वांना लागू पडणारे वाक्य बहुधा कोणालाच पुरेसे लागू पडत नाही. काळ्या जमिनीतील पेरणीचा सल्ला मुरमाड जमिनीला चालत नाही, हे मी आपल्याला काय सांगावे?

त्याच काळात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात इस्रोने एक वेगळा उद्योग केला. पीज या गावी एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि फक्त त्या जिल्ह्यासाठी कार्यक्रम सुरू केले. भाषा चरोतर भागातील बोली, नट गावकरी, विषय गावातले. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता, दुधाचा भाव, बाईचे घरातील स्थान, यांवर मालिका झाल्या. 'दाद-फरियाद' या कार्यक्रमात तर गावकऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर आपली तक्रार मांडायची आणि संबंधित अधिकाऱ्याने तिचे उत्तर द्यायचे, अशी रीत होती. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मला त्यातील पुरस्कारापेक्षा ती तक्रारीची रीत मोठी वाटते. तोपर्यंत सरकार बोलत होते आणि गाव ऐकत होते. इथे गाव बोलले आणि सरकारला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागले.

बेटावरचे कोळी आणि मंत्री

हाच विचार त्याआधी काही वर्षे कॅनडात झाला होता. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचे एक बेट आहे. वस्ती सुमारे पाच हजार, सगळे मासेमारीवर जगणारे, पण धंदा बसलेला. लोकांना तेथून उठवून दुसरीकडे वसवावे असा सरकारचा कल होता. १९६७ मध्ये कॅनडाच्या चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो आणि तेथील मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डॉन स्नोडेन यांनी बेटावर जाऊन लोकांच्या मुलाखती चित्रित केल्या. पंचवीसहून अधिक छोटे चित्रपट तयार झाले. त्यांनी एक पथ्य पाळले. ज्याचे बोलणे चित्रित केले, त्याला ते आधी दाखवायचे आणि त्याने होकार दिल्याशिवाय बाहेर न्यायचे नाही. मग ते चित्रपट बेटावरच गावोगाव दाखविले गेले. एका गावचे दुखणे दुसऱ्या गावाने प्रथमच नीट ऐकले. एरवी तंटे असणाऱ्या गावांना आपली अडचण एकच आहे हे उमगले. त्यानंतर ते मंत्र्यांना दाखविण्यात आले, आणि मत्स्योद्योग मंत्र्यांचे उत्तर चित्रित करून पुन्हा बेटावर नेण्यात आले. कोळ्यांनी सहकारी संस्था काढली, बेट उठले नाही. सहकार फक्त चित्रपटामुळे झाला असे मी म्हणणार नाही. लोकांत ती धमक होतीच. पण मंत्र्यांसमोर शिष्टमंडळ घेऊन जाऊन जे बोलताना जीभ अडखळते, ते आपल्या अंगणात बसून बोलताना अडखळत नाही, हा यातला मुद्दा आहे.

एका विद्यापीठाच्या विस्तार विभागाने हे काम केले, याचा आम्ही विस्तारवाल्यांनी अभिमान बाळगावा आणि थोडी लाजही बाळगावी. आमचा बहुतेक व्हिडिओ अजूनही एकाच दिशेने जातो.

चित्रफितीशेजारी उभा राहणारा माणूस

आता अलीकडचा आणि अधिक मोजमाप झालेला अनुभव सांगतो. २००६ च्या सुमारास बंगळूरु येथे रिकीन गांधी आणि केंतारो तोयामा या संशोधकांनी, डॉ. वनजा रामप्रसाद यांच्या ग्रीन फाउंडेशनच्या साहाय्याने, कर्नाटकातील लहान शेतकऱ्यांसाठी एक पद्धत बसविली. 'डिजिटल ग्रीन' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात यंत्राची करामत फारशी नाही. त्याच भागातील शेतकरी स्वतःच्या शेतात एखादे काम करून दाखवतो, त्याचे साध्या कॅमेऱ्याने चित्रण करतात, आठ-दहा मिनिटांची फीत होते. संध्याकाळी गावातील छोट्या गटाला ती दाखवितात. पण दाखविताना गावातलाच एक माणूस शेजारी उभा असतो. तो मध्येच फीत थांबवतो, विचारतो, "आता काय केलं यांनी? किती टाकलं? आपल्याकडे हे मिळतं का?" मग पुन्हा सुरू करतो. कोण करून पाहणार, त्याचे नाव लिहून घेतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या शेतावर जाऊन पाहतो. कोणाचे प्रश्न अनुत्तरित राहिले ते परत चित्रण करणाऱ्यांकडे जातात.

सोळा गावांत तेरा महिने चाचणी घेण्यात आली. आठ गावांत ही पद्धत आणि आठ गावांत नेहमीची भेटीची पद्धत. व्हिडिओच्या गावांत अवलंब करणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी पट अधिक निघाले, आणि एका शेतकऱ्याने पद्धत स्वीकारण्यामागे येणारा खर्च धरला तर ही पद्धत दहा पट परवडणारी ठरली. पुढे बिहारसारख्या राज्यांत महिला बचत गटांच्या मार्फत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

त्या संशोधकांच्या ध्यानात आलेली एक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. चित्रफीत सुरू झाली की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न खताबद्दल किंवा औषधाबद्दल नसतो. "हा माणूस कोणत्या गावचा? नाव काय याचं?" हा पहिला प्रश्न असतो. आपणही तेच करतो. सल्ला देणारा आपल्यासारखाच कोरडवाहूवाला आहे, त्याच्याकडेही तीनच एकर आहेत, हे कळले की कान टवकारतात. विहीर बागायतदाराने पाटाच्या पाण्यावर केलेला चमत्कार पाहून कोरडवाहूवाला उठून जातो आणि त्याचे बरोबरच असते.

तोयामा यांनी या साऱ्यातून काढलेला निष्कर्ष असा की, यंत्र मुळात असलेल्या गोष्टीला मोठे करते. गावात चांगला कृषि सहायक असेल, गट नीट चालत असेल, तर व्हिडिओने त्याचे काम वाढते. माणूसच नसेल तर पडद्यावर चित्रे हलतात, बाकी काही होत नाही. म्हणून "व्हिडिओ आहे ना, मग कृषि सहायकाची जागा रिकामी राहिली तरी चालेल," असा कोणी हिशेब मांडला तर तो मान्य करू नका.

कोण पाहतो, हेही पाहा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, जोरदार फवारा मारणारे पंप, दोन-तीन औषधांची एकत्र मिसळ, आणि अंगात साधा सदरा. सुरक्षित फवारणीची माहिती त्याआधी नव्हती का? होती. प्रत्येक डब्यावर असते. पण ती माहितीपत्रिका इतक्या बारीक अक्षरांत अनेक भाषांमध्ये छापलेली असते की चष्मा लावूनही वाचता येत नाही. चित्रफितीही होत्या. त्या मेळाव्यांत, अशाच मंडपात, दाखविल्या जात. मंडपात कोण येते? जमिनीचा मालक. पंप पाठीवर कोण घेतो? पुष्कळदा मजूर. त्या दिवशी तो दुसऱ्याच्या शेतात कामावर असतो. म्हणजे जिवावर बेतणारी माहिती ज्याच्या जिवावर बेतते त्याला सोडून इतरांना दाखविली गेली.

त्यामुळे फवारणीची फीत सकाळी सात वाजता, मजूर ज्या पारावर जमतात तिथे, पाच मिनिटे दाखवावी, असे माझे मत आहे. तिच्यात डब्यावरचा रंगीत त्रिकोण जवळून दाखवावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज पुष्कळांचा आहे, तो चुकीचा आहे. तोही विषच, फक्त कमी तीव्र. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचे नाही, नोझल तोंडाने फुंकायचे नाही, एका औषधात दुसरे मनाने मिसळायचे नाही, हे करून दाखवावे. घाम सुटणे, लाळ गळणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरविता येतो. हे लेबल नेण्याचे कोणाला सुचत नाही. व्हिडिओत एकदा पाहिले की सुचते.

बायकांबद्दलही असेच आहे. बियाणे निवडणे, राखणे, निंदणी, वेचणी ही कामे घरच्या बाईची आणि प्रशिक्षणाला जातो नवरा. युगांडात मका पिकविणाऱ्या कुटुंबांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. छोट्या चित्रफिती घरी जाऊन दाखविल्याने उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी वाढले. फोनवरच्या संदेशांची जोड दिल्याने त्यात फारशी भर पडली नाही. शिवाय फीत बाईला दाखविली तेव्हा शेतीच्या निर्णयांत तिचा वाटा वाढला. आमच्याकडे महिलांसाठी सभा ठेवतात ती दुपारी चार वाजता, म्हणजे नेमकी त्या शेतात असतात तेव्हा. रात्री जेवणे आटोपल्यावर ठेवून पाहा.

आपली फीत आपण घ्यावी

हल्ली साध्या फोनवर चांगले चित्रण होते. गटातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला बसवून आपणच फीत तयार करू शकता. मी उदाहरण म्हणून सोयाबीनची उगवण तपासणी घेतो, कारण २०२० च्या खरिपात राज्यात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही आणि दुबार पेरणीचा भुर्दंड काय असतो तो आपण सोसला आहे.

फीत एकाच कामाची असावी. उगवण तपासणीत बीजप्रक्रिया घुसडू नये, ती वेगळी घ्यावी. घरच्या बियाण्याच्या पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठ-मूठ दाणे काढतानाचे चित्र प्रथम घ्यावे. हे महत्त्वाचे, कारण वरचेच दाणे घेतले तर तपासणी फसवी होते. मग सरसकट शंभर दाणे मोजावेत. चांगले-चांगले निवडू नयेत. हा मोह सर्वांना होतो, म्हणून फीत घेताना कोणीतरी मुद्दाम निवडताना आणि दुसऱ्याने त्याला अडवताना दाखविले तरी चालेल. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरा ओला तुकडा टाकून सैलसर गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. इथे चित्रण थांबवायचे आणि सहा-सात दिवसांनी त्याच जागी, त्याच माणसाला घेऊन गुंडाळी उघडायची. निकाल आधी माहीत नसावा. उगवण ७० टक्के असेल तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते, त्याहून कमी असेल तर प्रमाण वाढवावे लागते आणि फारच कमी असेल तर ते बियाणे पेरू नये. समजा तुमच्या गुंडाळीत बावन्नच उगवले. फीत फेकून देऊ नका. तीच दाखवा. खात्याच्या चित्रफितीत सगळेच नेहमी उत्तम उगवते, म्हणून तर लोकांचा विश्वास बसत नाही.

तांत्रिक गोष्टी थोड्याच आहेत. फोन आडवा धरावा. सूर्य चित्रण करणाऱ्याच्या पाठीशी असावा. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे कॅमेरा जास्त वेळ ठेवावा आणि प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद हलवू नये. वाऱ्याचा आवाज सर्वांत त्रास देतो, तेव्हा झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला बोलावे. माप सांगताना ग्रॅममध्ये सांगावे आणि ते भरून येईल असे घरातले मापही दाखवावे. गाणे घालू नये. ज्यांना घालायचेच असेल त्यांनी शेवटी घालावे, म्हणजे लोक तेवढे बंद करतील.

फीत गटाबाहेर पाठविण्यापूर्वी कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला किंवा कृषि सहायकाला दाखवून घ्यावी. आणि फोगो बेटावरचे पथ्य आपणही पाळावे. ज्याला चित्रित केले त्याला आधी दाखवून विचारावे.

तारीख नसलेला व्हिडिओ

एका बाबतीत मला आमच्याच घराकडे बोट दाखवावे लागेल. काही दिवसांपूर्वी जुन्या चित्रफितींचे कपाट आवरताना एक फीत हाती आली. तिच्यात ज्वारीवरील खोडमाशीसाठी फोरेट वापरण्याची शिफारस स्वच्छ आवाजात केलेली होती. त्या काळी ती बरोबर होती. परंतु केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशाप्रमाणे फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस इत्यादी औषधांच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. अशी जुनी फीत कोणी संगणकावर चढवून तारखेशिवाय पुढे पाठविली, तर विद्यापीठाच्या नावावर बंदी असलेल्या विषाचा प्रसार होईल. कागदावरची शिफारस जुनी झाली की कागद पिवळा पडतो, आपल्याला संशय येतो. व्हिडिओ पिवळा पडत नाही.

म्हणून आपल्याकडे आलेला कोणताही व्हिडिओ पाहताना तारीख शोधा. बोलणारा कोण, कोणत्या गावचा, जमीन कोणती, हंगाम कोणता, औषधाचे नेमके नाव आणि प्रमाण काय, आणि त्या पिकासाठी ते लेबलवर मंजूर आहे काय, हे पाहा. एखादी बाटली हातात धरून "माझे उत्पन्न दुप्पट झाले" असे सांगणारा शेतकरी दिसला, तर त्याच्या शेजारचे न फवारलेले शेत दाखवा असे म्हणावे. ते बहुधा दाखवीत नाहीत. शंका असल्यास किसान कॉल सेंटरला १८०० १८० १५५१ या क्रमांकावर मराठीत विचारता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

कार्यालयीन कामांनाही व्हिडिओचा उपयोग आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः फोनवर करण्याची पद्धत आली, तेव्हा सूचना छापील आल्या आणि त्या वाचून पुष्कळांचा गोंधळ झाला. एका गावातील मुलीने आपल्या आजोबांना शिकवताना फोनच्या पडद्याचे चित्रण केले. आजोबा मध्ये मध्ये चुकत होते आणि ती "नाही हो आबा, मागे जा" म्हणत होती. ती फीत आसपासच्या गावांत फिरली. कोणत्याही परिपत्रकापेक्षा ती उपयोगी होती, कारण चुकल्यावर मागे कसे यायचे हे तिच्यातच होते.

खात्यातील मित्रांना एक विनंती करून मी थांबतो. आपण वर्षाला किती चित्रफिती तयार केल्या आणि किती लोकांनी पाहिल्या, याचा तक्ता भरून पाठवितो. त्यात आणखी एक रकाना घालावा : शेतकऱ्यांचे कोणते प्रश्न आले आणि कोणाला उत्तर दिले. हा रकाना पहिल्या वर्षी बहुतेक रिकामा राहील, मला कल्पना आहे. तरीही घालावा.

आता चहा होईल. त्यानंतर शेजारच्या दालनात उगवण तपासणीची सहा मिनिटांची फीत आम्ही दाखविणार आहोत. ती बचत गटातील भगिनींनी घेतली आहे, त्याही इथे आलेल्या आहेत. पाहताना गप्प बसू नका. जिथे पटणार नाही तिथे हात वर करा, आम्ही फीत थांबवू.